शपथ, नारळ, प्रार्थना अन् संविधान: गावातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाचनालयात दर रविवारी संध्याकाळी आम्ही संविधान वाचतो. सात-आठ जण असतात, तूर काढायच्या दिवसात दोन-तीनच. पण प्रश्न मात्र आजूबाजूच्या गावांतूनही येतात, फोनवर येतात, एसटीची वाट पाहताना येतात, लग्नाच्या पंगतीतही येतात. त्यातले जे पुन्हा पुन्हा विचारले गेले ते इथं एका ठिकाणी लिहून ठेवते. प्रश्न ज्या भाषेत आला त्याच भाषेत ठेवला आहे, अन् एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा देत बसण्यापेक्षा कोणता प्रश्न पाहायचा ते सांगितलं आहे.

१. ताई, शपथ घेताना काही आमदार "ईश्वरसाक्ष" म्हणते अन् काही म्हणत नाही. दोन्ही चालते का?

चालते. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत शपथेचे नमुने दिले आहेत अन् त्यात दोन पर्याय आहेत, एक "ईश्वरसाक्ष शपथ घेतो" अन् दुसरा "गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो". राष्ट्रपतीची शपथ अनुच्छेद ६० मध्ये आहे, तिथंही हेच दोन पर्याय. मूळ मसुद्यात देवाचं नाव नव्हतं, डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत त्यावर चर्चा झाली अन् ज्याला घ्यायचं त्याला घेता यावं म्हणून ते आलं. दोन्हीचं वजन सारखं आहे. पहिली घेणारा जास्त प्रामाणिक होत नाही अन् दुसरी घेणारा कमी देशभक्त होत नाही. पुढचं वाक्य दोघांनाही तेच म्हणा लागते, की संविधानाबद्दल खरी श्रद्धा अन् निष्ठा बाळगीन. श्रद्धा हा शब्द खरं तर देवळातला, पण इथं तो संविधानाला लावला आहे, अन् मला तो फार आवडते.

२. मग संविधानाच्या सुरुवातीलेच देवाचं नाव काहून नाही? आपला देश तर एवढा देवभोळा.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

१७ ऑक्टोबर १९४९ ला संविधान सभेत उद्देशिका, म्हणजे संविधानाच्या सुरुवातीचा परिच्छेद, चर्चेला आली. हरि विष्णू कामत नावाचे सदस्य होते, ते सभेत मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून गेलेले, म्हणजे आपल्याच प्रांताचे प्रतिनिधी. त्यांनी सुचवलं की सुरुवात "ईश्वराच्या नावाने, आम्ही भारताचे लोक" अशी करा. ते एकटे नव्हते, शिब्बनलाल सक्सेना अन् गोविंद मालवीय यांनीही देवाचं नाव असलेल्या दुरुस्त्या सुचवल्या होत्या. आसामचे रोहिणीकुमार चौधरी, तिकडं कामाख्येचं ठाणं, ते म्हणाले की आम्ही देवीचे उपासक, मग देवाऐवजी देवीचं नाव काहून नको? आता पाहा, नाव घ्यायचं ठरलं की लगेच कोणाचं घ्यायचं हा प्रश्न आला, पाच मिनिटंही लागली नाही.

विरोध करणारे काही नास्तिक नव्हते, ही गोष्ट लोकं विसरते. हृदयनाथ कुंझरू म्हणाले की आपल्या सगळ्यात पवित्र भावनेचा विषय असा इथं आला याचंच वाईट वाटते, अन् देवाचं नाव घालून आपण मोठं नाही तर संकुचित मन दाखवू. थानू पिल्लै यांचं म्हणणं होतं की ही श्रद्धेची सक्ती होईल. पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामतांना विनंती केली की देवावर मतदान करायची वेळ आमच्यावर आणू नका. पण कामत मागं हटले नाही, मतदान झालं, बाजूनं ४१ अन् विरोधात ६८. कामतांना त्याचं फार दुःख झालं अन् ते त्यांनी भर सभेत बोलून दाखवलं. अध्यक्षाच्या खुर्चीत राजेंद्र प्रसाद होते, ते स्वतः किती धार्मिक हे सगळ्यांना माहीत होतं.

आता याच सभेनं शपथेत देवाचं नाव ठेवलं (प्रश्न १) अन् उद्देशिकेत नाही ठेवलं, हे उलटसुलट वाटते. पण तसं नाही. शपथ एक माणूस घेते, स्वतःच्या तोंडानं घेते, त्याला दुसरा पर्याय असते. उद्देशिका "आम्ही भारताचे लोक" बोलतो, तिथं माझ्याही तोंडात शब्द जाते अन् माझ्या शेजारणीच्याही, तिला पर्याय नाही. मी रोज तुळशीला पाणी घालणारी बाई आहे अन् तरी मला वाटते त्या ६८ जणांनी बरोबर केलं. यापुढच्या बहुतेक प्रश्नांत मी हीच गोष्ट आधी पाहते, की शब्द कोणाच्या तोंडून निघते अन् कोणाच्या तोंडात घातल्या जाते.

३. "ईश्वर" ऐवजी आपल्या देवाचं, गुरूचं नाहीतर मायबापाचं नाव घेऊन शपथ घेता येते का?

कायदेशीर शपथेत नाही. केरळात २००१ ला निवडून आलेल्या एका आमदारानं श्रीनारायण गुरूंच्या नावानं शपथ घेतली होती, तिथल्या हायकोर्टानं २००३ मध्ये ती शपथ अवैध ठरवली. गुरू मोठे नाही असं कोर्टानं म्हटलं नाही, मुद्दा हा होता की संविधानानं दोनच नमुने दिले आहेत. शपथ झाल्यावर कोणी घोषणा देते, कोणी मायबापाचं नाव घेते, तो शपथेचा भाग नसते.

४. कोर्टात साक्षीदाराले गीतेवर हात ठेवा लागते ना?

नाही. ते सिनेमात. इंग्रजांच्याच काळात १८४० च्या कायद्यानं हिंदू अन् मुसलमान साक्षीदारांची गंगाजल-कुराणाची शपथ बंद झाली होती. आता १९६९ चा शपथ कायदा आहे, त्यातही देवाच्या नावानं शपथ किंवा नुसती प्रतिज्ञा असे दोन पर्याय आहेत. गेल्या वर्षी आमच्या गावची एक म्हातारी शेताच्या केसमध्ये साक्षीला गेली तेव्हा सोवळ्यातलं लुगडं नेसून गेली होती, गीतेला हात लावा लागन म्हणून. तिला आधी कोणी सांगितलं असतं तर तेवढी धास्ती गेली असती.

५. मोबाईलवर फोटो येते की घटनेत रामाचं चित्र आहे. खरं का?

खरं आहे, पण फोटोसोबत जो मजकूर येते तो अर्धा असते. संविधानाची मूळ प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हातानं लिहिली अन् नंदलाल बोस अन् त्यांच्या शांतिनिकेतनच्या सहकाऱ्यांनी ती सजवली. मूलभूत हक्कांच्या भागावर राम-सीता-लक्ष्मण आहेत, त्याच्या पुढच्या भागावर कृष्ण-अर्जुन, मग बुद्ध, मग महावीर. त्याच प्रतीत अकबरही आहे, शिवाजी महाराजही आहेत, गुरू गोविंदसिंगही आहेत, टिपू सुलतान अन् झाशीची राणीही आहेत. देशाचा लांब इतिहास चित्रातून सांगायचा होता. चित्र हा कायद्याचा मजकूर नाही, कोर्टात चित्र वाचत नाही तर कलम वाचते. म्हणून एकच पान कापून पाठवणाऱ्याला बाकीची पानं पण पाठवा म्हणावं, कारण ती सगळी मिळूनच सुंदर आहेत.

६. "सत्यमेव जयते" तर उपनिषदातलं आहे. मग सरकारच धार्मिक झालं ना?

आपल्या राजमुद्रेवरचं वाक्य मुण्डक उपनिषदातलं, सिंह सारनाथच्या अशोकस्तंभाचे, म्हणजे एकाच चिन्हात उपनिषद अन् बुद्ध दोन्ही. ते २६ जानेवारी १९५० ला स्वीकारलं. लोकसभेत "धर्मचक्र प्रवर्तनाय" लिहिलेलं आहे. आता सत्य जिंकते हे म्हणायला कोणाला आपला देव सोडा लागत नाही. शब्द जुन्या धर्मग्रंथातून आला तरी त्याचा अर्थ सगळ्यांना आपला म्हणता येत असेल तर अडचण नाही, अन् एखाद्याला तो म्हणताना गिळा लागत असेल तर मग विचार करायला पाहिजे.

७. "धर्मनिरपेक्ष" शब्द नंतर घुसवला म्हणते. मग तो मानायचा का?

शब्द १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं उद्देशिकेत आला, आणीबाणीच्या काळात, हे खरं आहे अन् ते लपवायचं काही कारण नाही. संविधान सभेत के. टी. शहा यांनी १९४८ मध्येच तो घालायचा म्हटलं होतं, तेव्हा तो घेतला नव्हता. पण शब्द नव्हता म्हणजे गोष्ट नव्हती असं नाही. अनुच्छेद २५ ते २८ पहिल्या दिवसापासून आहेत, धर्म पाळायचं स्वातंत्र्यही तिथंच अन् सरकारला घातलेल्या मर्यादाही तिथंच. सुप्रीम कोर्टानं १९९४ च्या बोम्मई खटल्यात धर्मनिरपेक्षता हा संविधानाच्या मूळ ढाच्याचा भाग आहे म्हटलं अन् नोव्हेंबर २०२४ मध्ये हा शब्द काढा म्हणणाऱ्या याचिका फेटाळल्या. मराठीत काही जण धर्मनिरपेक्ष म्हणजे अधर्मी असं समजते, तसं ते नाही. अपेक्षा न ठेवणारा तो निरपेक्ष, म्हणजे तुमचा धर्म कोणता हे पाहून सरकार तुमचं काम करत नाही.

८. पाण्याच्या टाकीचं भूमिपूजन, नारळ, अगरबत्ती हे ग्रामपंचायतीनं करावं का?

कायद्यानं बंदी नाही. गुजरात हायकोर्टाच्या नव्या इमारतीच्या भूमिपूजनाविरुद्ध एक याचिका गेली होती, ती त्या कोर्टानं २०११ मध्ये फेटाळली. दुसऱ्या बाजूनं सुप्रीम कोर्टाचे तेव्हाचे न्यायमूर्ती अभय ओक यांनी मार्च २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या कोर्टाच्या कार्यक्रमात सुचवलं की कोर्टाच्या कार्यक्रमांत पूजाअर्चेऐवजी उद्देशिकेपुढं मान झुकवावी. म्हणजे कायदा शांत आहे, तुम्हाला ठरवा लागते.

मी काय सांगते ते ऐका. नारळ फोडणं आपल्याकडं धर्म कमी अन् सवय जास्त झाली आहे, ट्रॅक्टर घेतला तरी फोडते, बोअरला पाणी लागलं तरी फोडते. पण भटजी, मंत्र, सत्यनारायण इथपर्यंत गेलं की टाकी सगळ्या गावाची अन् पूजा अर्ध्या गावाची असं होते. आमच्याकडं एका कामाच्या वेळी बौद्धवाड्यातली मंडळी लांब लिंबाखाली उभी राहिली, कोणी त्यांना या म्हटलं नाही अन् ते पण आले नाही, पाणी मात्र त्यांच्या नळालाही तेच येणार होतं. मला ते दृश्य अजून टोचते. पुढच्या वेळी आम्ही सरपंचबाईंना म्हटलं की गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या हातानं कुदळ मारा अन् पोरांना उद्देशिका वाचू द्या, ज्याला नारळ फोडायचा त्यानं आपल्या हातानं फोडावा. सगळे एका मांडवात बसले.

पैशाचं मात्र सांभाळा. एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी कोणाकडून कर घेता येत नाही असं अनुच्छेद २७ म्हणते. पूजेचा खर्च पंचायतीच्या खात्यातून टाकू नका, वर्गणी करा.

९. झेडपीच्या शाळेत देवाची प्रार्थना घेता येते का? माह्या पोराले म्हणायची नसंल तर?

जी शाळा पूर्णपणे सरकारच्या पैशावर चालते तिथं धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे अनुच्छेद २८ मध्ये स्पष्ट आहे. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेच्या शाळेत पोराला धार्मिक उपासनेत बसवायचं असेल तर आईबापाची संमती लागते. धर्मांबद्दल शिकवणं वेगळं, सुप्रीम कोर्टानं २००२ मध्ये हा फरक सांगितला आहे, संतांचे धडे शिकवले म्हणून शाळा चुकत नाही.

तुमच्या पोराबद्दल म्हणाल तर केरळातल्या तीन लेकरांची केस आहे, १९८६ ची. ती लेकरं राष्ट्रगीताला सरळ उभी राहायची पण त्यांच्या धर्मामुळं म्हणायची नाही, शाळेनं काढून टाकलं, सुप्रीम कोर्टानं परत घ्यायला लावलं. कोर्ट म्हणालं आदरानं उभं राहिलं ते पुरे आहे. राष्ट्रगीताच्या बाबतीत एवढी मोकळीक आहे तर प्रार्थनेच्या बाबतीत किती असेल ते तुम्हीच समजा. आधी गुरुजींना जाऊन शांतपणे भेटा, तक्रारीचा कागद नंतर. बहुतेक गुरुजी ऐकते. अन् आपली शाळेतली प्रतिज्ञा पाहा, मूळ तेलुगूत १९६२ मध्ये पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी लिहिलेली, तिच्यात कोणत्याच देवाचं नाव नाही अन् कोणाला काही कमी वाटत नाही.

१०. राष्ट्रसंतांची सामुदायिक प्रार्थना ग्रामपंचायतीच्या आवारात होते. ती धार्मिक समजायची का?

याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. तुकडोजी महाराज म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे, मोझरीच्या गुरुकुंजातून त्यांनी खंजिरीवर गावोगाव भजनं केली अन् त्या भजनांत स्वच्छता, रस्ते, व्यसन, जातपात सगळं आणलं. गाडगेबाबांनीही कीर्तनात देवाचं नाव घेतच लोकांना शिक्षणाचं अन् कर्ज काढून सण न करण्याचं सांगितलं. तिकडं सेवाग्रामच्या प्रार्थनेत अनेक धर्मांची वचनं एकत्र म्हणतात. म्हणजे वऱ्हाडात अन् वर्ध्याकडं धार्मिक भाषा ही गाव जोडायची भाषा राहिली आहे, तिला एकदम बाहेर काढा म्हणणाऱ्याला आपला भाग कळला नाही असं माझं मत आहे.

पण अट एक आहे. ज्याला बसायचं तो बसेल अन् जो बसला नाही त्याच्या घरकुलाच्या फाईलवर त्याचा परिणाम होणार नाही. ग्रामसभा सुरू झाली की ती ग्रामसभा, प्रार्थना तिच्या आधी वेगळी होऊ द्या, म्हणजे उशिरा येणाऱ्याला चोरासारखं वाटत नाही.

११. ऑफिसात गेलं की राम राम म्हणावं, जय भीम म्हणावं, जय सेवा की सलाम?

तुम्ही नागरिक आहात, तुमच्या तोंडी जे येते ते म्हणा. आपल्याकडं नमस्कारावरूनच माणूस कुठला ते कळते, गुरुदेव मंडळाचे "जय गुरुदेव", गोंड बांधव "जय सेवा", अन् "जय भीम" तर आपल्या कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी रूढ केलेला. टेबलामागं बसलेल्यानं मात्र ज्यानं जसं म्हटलं तसंच परत म्हणावं किंवा साधा नमस्कार करावा. जय भीम म्हटलं म्हणून सातबारा उशिरा अन् राम राम म्हटलं म्हणून लवकर, किंवा उलट, असं झालं तर तो भेदभाव आहे, तिथं गप्प बसू नका.

१२. प्रचारात देवाचं नाव घेतलं तर निवडणूक रद्द होते का?

होऊ शकते. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३(३). धर्म, जात, भाषा यांच्या नावावर मत द्या किंवा देऊ नका असं आवाहन उमेदवारानं, त्याच्या एजंटनं किंवा त्याच्या संमतीनं दुसऱ्या कोणी केलं तर ते भ्रष्ट आचरण समजल्या जाते, धार्मिक चिन्हाचा वापरही त्यातच. निवडणूक रद्द होते अन् सहा वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. पूर्वी वाद होता की फक्त उमेदवाराचा धर्म मोजायचा की मतदाराचाही. २ जानेवारी २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन असा निकाल दिला की मतदाराचाही मोजायचा. खटला १९९० च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीतून आलेला होता.

त्या तीन न्यायाधीशांची काळजी मला महत्त्वाची वाटते. त्यांचं म्हणणं होतं की ज्यांच्यावर जातीमुळं धर्मामुळं अन्याय झाला त्यांना निवडणुकीत तो बोलताही येणार नाही असं होऊ नये. "आमच्या वस्तीला रस्ता नाही कारण आम्ही अमुक जातीचे" हे गाऱ्हाणं आहे अन् "अमुक जातीचा म्हणून मला मत द्या" हे आवाहन आहे, बोलणाऱ्यानं अन् ऐकणाऱ्यानं दोघांनीही हा फरक धरून ठेवावा. हे कलम लोकसभा-विधानसभेचं आहे. गावच्या निवडणुकीसाठी पुढचा प्रश्न वाचा.

१३. ग्रामपंचायतीच्या वेळी रात्री येऊन हातात बेलभंडारा देऊन शपथ घ्याले लावली. आता दुसऱ्याले मत दिलं तर पाप लागन का?

हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेक बाया असतात अन् दबक्या आवाजात विचारते.

आधी कायदा. दुसऱ्याला मत दिलं तर देवाचा कोप होईल असं मतदाराच्या मनात भरवणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम १७१-क होतं, आता भारतीय न्याय संहितेचं १७१ आहे, गैरवाजवी प्रभाव म्हणते त्याला, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीलाही लागू आहे. बेलभंडारा, तुळस, गंगाजल, देवळाची पायरी, लेकराच्या डोक्यावर हात, वस्तू कोणतीही असो.

आता पापाचं. मी काही महाराज नाही. पण जी शपथ तुमच्या मनातून निघाली नाही, जी तुमच्या तोंडात दुसऱ्यानं घातली, अन् तेही रात्री दारात चार माणसं उभी करून, तिचा भार तुमच्या डोक्यावर कसा येईल? ज्यानं देवाला मताच्या सौद्यात आणलं त्याचा तो भार. मत गुप्त असते, मशीनसमोर तुम्ही एकट्या असता. आमच्या गटातल्या एका बाईनं हे ऐकून विचारलं की मग देवाची माफी मागितली तर चालन का, मी म्हटलं मागा, त्यानं मन हलकं होत असेल तर जरूर मागा, पण मत तुमचं तुम्हीच द्या.

१४. आमच्या नेत्याले आम्ही देवच मानतो. त्यात काय वाईट?

घरात कोणालाही माना. पण २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी याच गोष्टीची भीती सांगितली होती, की धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही, राजकारणातली भक्ती मात्र अधोगतीकडं अन् शेवटी हुकूमशाहीकडं नेते. देवाला हिशोब मागता येत नाही, आमदाराला मागा लागते. रस्त्याचा निधी कुठं गेला हे विचारलं म्हणून कोणाची श्रद्धा दुखावते असं व्हायला नको.

१५. बाकीच्या देशात कसं आहे?

अमेरिकेचं सांगते, कारण तेच उदाहरण लोकं देते. त्यांचं संविधान १७८७ चं, त्यात देवाला आवाहन नाही, उलट कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची अट नको असं लिहिलं आहे, अन् राष्ट्राध्यक्षाला शपथ किंवा प्रतिज्ञा असे दोन पर्याय तिथंही आहेत. "ईश्वरावर आमचा विश्वास" हे त्यांचं अधिकृत ब्रीद १९५६ मध्ये झालं, म्हणजे जवळपास पावणेदोनशे वर्षांनी. आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानाची सुरुवात मात्र थेट ख्रिस्ती त्रित्वाच्या (पिता, पुत्र अन् पवित्र आत्मा) नावानं होते. आपल्या सभेसमोर दोन्ही नमुने होते, अन् त्यांनी काय केलं ते प्रश्न २ मध्ये आलंच आहे.

१६. गणपतीच्या आरतीले मी उभा राहिलो नाही, वर्गणी पण नाही देली. तवापासून गावानं बोलणं टाकलं, चक्कीवर दळण देत नाही. काय करू?

आरतीला उभं राहणं न राहणं तुमची मर्जी, वर्गणीही मर्जीची असते. पण दळण बंद करणं, किराणा न देणं, लग्नात न बोलावायला लावणं हा सामाजिक बहिष्कार आहे अन् त्याच्यासाठी महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आहे, २०१६ चा, जुलै २०१७ पासून लागू, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार पोलीस ठाण्यात देता येते किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडं. कोणत्या तारखेला काय नाकारलं, कोण हजर होतं, हे एका वहीत लिहून ठेवा, आठवणीवर भरवसा ठेवू नका. मिटवायची इच्छा असेल तर तंटामुक्त समितीच्या अध्यक्षांना आधी भेटा, बहिष्कार टाकणाऱ्यांतही दोन-चार जणांना मनातून पटलेलं नसते, त्यांना फक्त पहिलं कोणी बोलावं याची वाट असते. अन् कोणी सोबत यायला नसेल तर रविवारी वाचनालयात या, आमच्यातलं कोणी तरी तुमच्यासोबत ठाण्यात येईल.